घोड्याचं चिलखत आणि सुनेचं धुणं

अहो, ऐकलंत का? पिवळ्या गेटवाल्यांकडे काल धुण्यावरून वाजलं! आता धुण्यावरून कुणाच्या घरात वाजत नाही म्हणा, पण हे धुणं साधंसुधं नव्हे. विकत आणलेलं धुणं! जरा इकडे सरका, या जास्वंदीच्या आडोशाला. त्यांच्या खिडकीत सगळं ऐकू जातं.

त्यांची सून दुपारी लॅपटॉपवर सिम्स, तो घरसंसाराचा खेळ, खेळते, हे काय गल्लीला माहीत नाही होय? काल सासूबाई चहा घेऊन मागून आल्या, तर स्क्रीनवर एक बाई टबात कपडे घासतेय आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालतेय. "हे गं काय?" ती पोरगी भाबडी, बोलून गेली, "लाँड्री डे पॅक घेतलाय आई, सेलमध्ये होता." झालं! "मोरीत बादलीभर भिजत पडलंय ते दिसत नाही, आणि पैसे मोजून परक्यांचं धुणं घेऊन आलीस?" पोरीचा चेहरा असा उतरला म्हणता... लॅपटॉप मिटला नि आत निघून गेली.

संध्याकाळी सासूबाई कढीपत्ता मागायला माझ्याकडे. कढीपत्ता कसला, त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, अहो, तुमच्या सुनेला काय बोलता? तो पॅक २०१८ च्या जानेवारीत आला तोच मुळी लोकांनी मतं देऊन मागितला म्हणून. खेळणाऱ्यांना विचारलं, काय हवं तुम्हाला? आणि जगभरच्या बायाबापड्यांनी, पोरांनी एकमुखानं काय मागितलं? धुणं! त्यांचा आ वासलेला चेहरा बघण्यासारखा झाला. मग हळूच म्हणतात, "म्हणजे आमच्याकडे एकटीच वेडी नाही तर!" आणि आज सकाळी बघते तर स्वतःच सुनेच्या शेजारी स्टूल ओढून बसलेल्या. "त्या ड्रायरमधली लव वेळच्या वेळी काढ गं, पेट घेईल," असं सांगत होत्या. पेट घेतो हो तो, खरंच घेतो. खेळात इतकं बारीक काम केलंय.

तर काय सांगत होते... हां, सिम्स. तो चौथा सिम्स २०१४ साली विकत घ्यावा लागायचा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून फुकट केला. फुकट म्हटल्यावर आपले कान टवकारायला हवेत की नाही? मूळ घर फुकट, पण आतल्या सगळ्याचे पैसे वेगळे. सगळे पॅक मूळ भावानं घ्यायला गेलं तर हजार डॉलरच्या वर जातं. हजार डॉलर! त्यात एक गंमत सांगू? आधी २०१७ मध्ये कुत्र्या-मांजरांचा पॅक काढला. चार-पाच महिने झाले नाहीत तोवर त्या कुत्र्या-मांजरांच्या कपड्यांचा नि खेळण्यांचा दुसरा पॅक. तो घेतला तरी, ज्याच्याकडे आधीचा नाही, त्यानं ते कपडे घालायचे कुणाला? स्वतःला? म्हणजे ॲड-ऑनचा ॲड-ऑन! त्या वेळी लोक असे भडकले होते की विचारू नका. पुढे तर घरातली धूळ नि ती ओढायचा व्हॅक्यूम, याचाही पाच डॉलरचा किट आला. आमचे हे म्हणाले, "धूळ इथे फुकट मिळते, पाठवू का?"

आणि मुंबईचा फॅशन स्ट्रीट किट! तो बघितला की नाही? २०२१ चा. आपल्या आझाद मैदानासमोरचा फॅशन स्ट्रीट हो, तिथल्या कपड्यांवरून केलेला. सुनेनं तो घेतलाय, मी पाहिलाय. रंग झकास आहेत, नाही असं नाही. पण मी तिला म्हटलं, फॅशन स्ट्रीटला जायचं ते कशाला? तीनशे सांगितले की दीडशे म्हणायचं, पाठ फिरवून चार पावलं चालायचं, मग तोच "ओ ताई" करून हाक मारतो. इथे पाठ फिरवून कुठे जाणार? ती म्हणते, "सेलपर्यंत थांबायचं काकू, तेच पाठ फिरवणं." हुशार आहे पोरगी. उगाच बोलतात तिला.

हे कपड्यालत्त्याचं खूळ सुरू कुणी केलं, ठाऊक आहे ना? ते घोड्याचं चिलखत! बेथेस्डावाल्यांनी ऑब्लिव्हियन काढला २००६ च्या मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये लगेच म्हणाले, घोड्याला चिलखत हवं तर एक्सबॉक्सवर अडीच डॉलर टाका. घोड्याला! बरं, त्या चिलखतानं फार काही बिघडत नव्हतं की घडत नव्हतं, दिसायला झगमगीत एवढंच. सगळ्या जगानं दात काढले. वर्षानुवर्षं टिंगल चालली, इतकी की २००९ च्या एक एप्रिलला त्यांनी स्वतःच बाकीच्या वस्तू निम्म्या भावात दिल्या आणि चिलखताचा भाव दुप्पट केला! लाज म्हणतात ती गेली की माणूस मोकळा होतो बघा. आता २०२५ ला तोच खेळ नव्यानं सजवून आणला, तर महागड्या आवृत्तीत काय घातलं असेल? घोड्याचं नवीन चिलखत. हसत होते ते लोक त्याच किमतीचे, त्याहून जास्त किमतीचे कपडे आता दर महिन्याला घेतात, आणि कुणी हूं की चूं करत नाही.

पण त्याच घराण्यानं पुढच्याच वर्षी शिव्हरिंग आयल्स काढला होता, हे लोक सोयीस्कर विसरतात. अख्खं वेगळं बेट, वेड्यांचा राजा, नवी कथा. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. म्हणून मी म्हणते, ॲड-ऑन म्हटला की नाक मुरडायचं, हेही काही खरं नाही.

नाक मुरडायचं तर ते कॅपकॉमवाल्यांपुढे मुरडावं. २०१२ साली काय काय करून ठेवलं त्यांनी! असुराज रॅथ म्हणून खेळ काढला आणि त्याचा खरा शेवट वेगळा विकला. शेवट हो! कीर्तनकारबुवांनी आख्यान रंगवावं, सीताशुद्धी व्हावी, सेतू बांधून व्हावा, आणि रावणवधाच्या तोंडाशी चिपळ्या खाली ठेवून म्हणावं, "पुढचं ऐकायचं त्यांनी दारात वेगळी पावती फाडावी." त्याच साली त्यांच्या मारामारीच्या दुसऱ्या एका खेळात बारा पात्रं डिस्कवर आधीपासूनच होती, पण कुलूपबंद. म्हणजे वस्तू तुमच्या घरात, किल्ली त्यांच्याकडे. आणि दुसऱ्या कंपनीचा तो मास इफेक्ट ३? पहिल्याच दिवशी एक पात्र वेगळ्या दहा डॉलरला. तेही कुठलं, तर ज्या जातीबद्दल आधीचे दोन खेळ नुसती कुजबुज चालली होती त्यातलं एकमेव जिवंत उरलेलं!

आता दुसरी बाजूही ऐका. माझ्या भाच्याची एक मैत्रीण पुण्यात गेमसाठी कपडे काढते. शिवत नाही हो, कॉम्प्युटरवर. ती आली होती रविवारी, तेव्हा मी चांगलं फैलावर घेतलं तिला. तर ती शांतपणे पोहे खात म्हणाली, "काकू, एक जाकीट करायचं म्हणजे आधी कोपर वाकल्यावर ते अंगात घुसत नाही ना ते बघायचं. मग धावताना, मग पोहताना, मग घोड्यावर बसल्यावर. प्रत्येक शरीरयष्टीला वेगळं." आणि म्हणे, खेळ पुरा होऊन तपासणीला गेला की चित्रकारांच्या हाताला काम नसतं, तेव्हा हे जास्तीचं काम त्यांना देतात. म्हणून पहिल्या दिवशी आलेलं सगळंच काही कापून बाजूला काढलेलं नसतं. शिवाय मोठ्या खेळांचा भाव २००५-०६ पासून २०२० पर्यंत साठ डॉलरवरच अडकला होता, आणि बनवायचा खर्च मात्र आभाळाला. कुठून तरी भरून काढणारच. भाचा मान डोलवत होता, पण तो काय, ती म्हणेल त्याला डोलवतो. काहीतरी शिजतंय तिथे, मी सांगून ठेवते... बरं ते नंतर.

तर तुम्ही काय सांगत होतात, तुमच्या नातवाचं. तो डीलक्स एडिशन मागतोय म्हणालात ना? आणि खेळ अजून बाहेर यायचाय? अहो मग घाई कसली! काय काय मिळणार म्हणाला? एक टोपी, सोनेरी मुठीची तलवार, आणि पुढे येणाऱ्या दोन भागांचा सीझन पास. ते दोन भाग कसले, हे त्याला माहीत आहे? नाही ना? विकणाऱ्यालाही पुरतं माहीत नसतं पुष्कळदा. टोपी सोडा. ज्याचं नावगाव ठरलेलं नाही त्याचे पैसे आधी कशाला द्यायचे?

ॲड-ऑन घ्यायचा तर कसला घ्यावा, तर पोलंडच्या त्या सीडी प्रोजेक्टवाल्यांचा. विचर ३ आला २०१५ च्या मेमध्ये. त्याबरोबर त्यांनी सोळा बारीकसारीक वस्तू चक्क फुकट दिल्या. दाढ्या, केशभूषा, आणि हो, घोड्याचा साजसुद्धा! बेथेस्डावाल्यांना टोमणाच तो, मी तरी तसाच घेतला. आणि पैशांचे काढले ते दोनच. ऑक्टोबरात हार्ट्स ऑफ स्टोन, आणि पुढच्या वर्षी मेअखेरीला ब्लड अँड वाइन, वीस डॉलरचा. अहो, काय प्रदेश आहे तो! द्राक्षाचे मळे, उन्हात न्हालेला किल्ला, आणि आयुष्यभर वणवण केलेल्या त्या नायकाला, गेराल्टला, शेवटी स्वतःचं घर मिळतं, मळ्यासकट. नाशिकच्या आमच्या आत्येबहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "वेली आमच्यासारख्याच बांधल्यात गं." त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये रोल प्लेइंगचं बक्षीस त्यालाच मिळालं. नुसत्या एका पुरवणीनं डार्क सोल्स ३ सारख्या पुऱ्या खेळाला मागे टाकलं! ज्याचा मूळ खेळ संपवून चार दिवस जेवणात लक्ष लागलं नाही, त्यानं असला ॲड-ऑन खुशाल घ्यावा. ज्याचा मूळ खेळ अर्ध्यात पडलाय, त्यानं घेऊन काय करायचं?

याच पोलंडवाल्यांची २०२० मध्ये काय शोभा झाली तीही विसरू नका हं. सायबरपंक इतका मोडकातोडका आला की प्लेस्टेशननं दुकानातून उचलून ठेवला होता! तीन वर्षं डागडुजी केली, मग २०२३ च्या सप्टेंबरात फँटम लिबर्टी हा ॲड-ऑन आणला, इड्रिस एल्बा या नटाला घेऊन. लोकांनी माफ केलं. पण ज्यांनी पहिल्या दिवशी घाई केली होती त्यांच्याकडे बघून सांगते, थांबणाऱ्यांचं भलं झालं.

आणि माझा तो भाचा! त्याची फजिती तुम्हाला सांगितलीच नाही. एल्डन रिंगचा शॅडो ऑफ द अर्डट्री आला २०२४ च्या जूनमध्ये. चाळीस डॉलर, पुरवणीसाठी मोठाच भाव, आणि तरी तीन दिवसांत पन्नास लाख गेले. यानं आल्या दिवशी घेतला. ऑफिसला दांडी, मित्रांना फोन, पिझ्झा मागवलेला, सगळा थाट. आणि आत जायला निघाला तर जाता येईना! कारण मूळ खेळातले दोन दांडगे राक्षस, रडान आणि मोग, हे मारल्याशिवाय तिकडे वाटच उघडत नाही. यानं मोगला कधी हातच लावला नव्हता. मित्र आत मजा करतायत, आणि हा विकत घेतलेल्या देशाच्या वेशीवर उभा. त्या मैत्रिणीनं विचारलं, "विकत घ्यायच्या आधी वाचलं नाहीस का रे?" तेव्हाचा त्याचा चेहरा... मी हसू दाबायला पाणी आणायला आत गेले.

बँकवाल्या काकांचं मात्र मला कौतुक वाटतं. सायबर कॅफेत तासाला पैसे देऊन एज ऑफ एम्पायर्स खेळणारी ती पिढी. अजून तोच खेळतात, नवा सजवलेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यात डायनॅस्टीज ऑफ इंडिया आला, तेव्हा काकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दहा डॉलरमध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर असे तीन पक्ष नवे, आणि आधी सगळ्यांना मिळून नुसतं 'इंडियन्स' म्हणायचे त्यांचं हिंदुस्तानी केलं. राजेंद्र चोळाची मोहीम, बाबराची मोहीम, उरुमी फिरवणारे सैनिक, चिलखती हत्ती. काका पहाटे उठून खेळले. आणि तिसऱ्या दिवशी काकू मला विचारतात, "यांचं काहीतरी बिनसलंय, जेवत नाहीत." मी गेले. तर काका गंभीर. "सगळे आहेत. मराठे कुठे आहेत?"

अहो, तोंडावर कसली निराशा! भाच्यानं समजावलं, काका, हा खेळ मध्ययुगाचा, आपलं राज्य त्यानंतरचं. पटेना. मग भाचा म्हणाला, "मराठेच हवेत ना? मग एम्पायर टोटल वॉर घ्या, २००९ चा. तिथे मराठे मूळ खेळातच आहेत. ॲड-ऑन लागतच नाही." काकांची छाती अशी फुगली की बनियन लहान पडलं. "बघितलंत? आपण पुरवणीत नाही, मूळ ग्रंथात!" तेव्हापासून रोज उत्तरेवर चाल चाललीय. काकू म्हणतात, बरंय, भाजी आणायला मीच जाते.

बाकी एक गोष्ट काळजीची आहे, ती हळू आवाजात सांगते. घेतलेलं आपलंच राहतं, असं नाही. डेस्टिनी २ वाल्यांनी २०२० च्या नोव्हेंबरात जुने भाग चक्क काढून तिजोरीत टाकले, लोकांनी पैसे देऊन घेतलेले दोन विस्तारही त्यात गेले. आणि आपल्याकडे त्याच वर्षी दोन सप्टेंबरला पब्जीवर बंदी आली, तेव्हा देशभरातल्या पोरांच्या रंगीत बंदुका एका रात्रीत अधांतरी लटकल्या. नंतर त्याच्या जागी बीजीएमआय आला, सामान तिकडे हलवता आलं, पण २०२२ मध्ये तोही दुकानातून गेला नि पुढच्या वर्षी परत आला. सर्व्हरवरच्या वस्तूचा भरवसा किती धरायचा ते तुम्हीच ठरवा. कोपऱ्यावरच्या घरातल्या त्या सहावीतल्याचं तर... कुठला खेळ ते विचारू नका. आजोबांच्या फोनवरून पेटीमागून पेटी उघडत बसला, आत काय निघेल ते नशिबावर. पिन त्याला कसा कळला? आजोबांचं जन्मसाल! आजोबा पासबुक भरून आले तेव्हा पायरीवरच बसले. पोराला रागावले नाहीत, पण आजींनी त्यांच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, पिन तसला ठेवला म्हणून.

नातवाला स्टीमवरून घेऊन दिलंत तर एवढं ध्यानात ठेवा. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि ॲड-ऑन घेतल्यावर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर बहुतेक वेळा पैसे परत मिळतात. वापरून संपणारी वस्तू मात्र वापरली की गेली. आणि आधी विशलिस्टमध्ये टाकून ठेवायला सांगा, सेल लागला की निरोप येतो. तोवर त्याचं वेड उतरलं, तर काहीच घ्यायला नको!

मी? मी कशाला घेते. माझं आपलं स्टारड्यू व्हॅली बरं. एकट्या एरिक बॅरोननं केलेला खेळ, २०१६ पासून आजवर सगळी भर फुकट, आणि २०२४ मध्ये तर त्यानं घराण्याच्या नावाची शपथ घेऊन सांगितलं, जिवात जीव आहे तोवर ॲड-ऑनचा पैसा घेणार नाही. पण भाबडेपणानं नका घेऊ हं हे. त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्यात. दर वेळी फुकट भर टाकली की मूळ खेळाला नवीन गिऱ्हाईक येतं. ज्याचा मूळ माल खपतोय त्याला असली शपथ परवडते, नव्या माणसाला कुठून परवडणार? तरी माझे भोपळे यंदा मोठे आलेत, ते सोडा.

अरे हो, ॲडलेडच्या त्या टीम चेरीवाल्यांचं राहिलंच! हॉलो नाइटसाठी त्यांनी २०१४ मध्ये वर्गणी गोळा केली, तेव्हा कबूल केलं होतं की हॉर्नेट म्हणून एक पात्र पुढे ॲड-ऑनमध्ये देऊ. ते ॲड-ऑन करायला बसले नि वाढता वाढता त्याचा अख्खा नवा खेळ झाला. सिल्कसाँग! २०१९ ला जाहीर केला, २०२५ च्या चार सप्टेंबरला आला, आणि आला त्या दिवशी गर्दीनं स्टीमचं दुकानच बसलं. वीस डॉलर. पण जुन्या वर्गणीदारांना शब्दाप्रमाणे फुकट. आपल्या बारा नंबरवाल्या वहिनींचा मोठा, तो मेलबर्नचा, त्यानं तेव्हा वर्गणी दिली होती म्हणे. परवा वहिनी गेटवर थांबवून सांगत होत्या, "अहो, माझ्या मुलाला ऑस्ट्रेलियात कसलंसं बक्षीस लागलंय, अकरा वर्षांनी निकाल लागला!" मी काय बोलणार? अभिनंदन म्हटलं, त्यांनी हातावर बर्फी ठेवली, ती खाल्ली. तुम्हाला नाही दिली? अगंबाई...